ओळख न दाखवणारी

मी टॅन्सी बोलतेय. बोलतेय म्हणायचं आपलं, कारण मला भुंकायची सवयच लागू दिली नाही. आमच्या धंद्यात भुंकणारी कुत्री म्हणजे घरात पोसलेला फौजदार. भुंकणारं कुत्रं चावत नाही, अशी तुम्हा माणसांची म्हण आहे. न भुंकणाऱ्या कुत्र्याबद्दल तुमच्याकडे म्हण नाही, म्हणून मलाच सांगावं लागतंय.

मी लर्चर. म्हणजे आई ग्रेहाउंड आणि बाप दुसऱ्याच कुठल्या जातीचा. आमच्या या लिंकनशायरच्या पाणथळ मुलखात, जिथे जमीन काळी आणि सपाट आहे आणि पावलापावलावर पाण्याचा चर आहे, तिथे चोरून ससे मारणारे लोक आमच्यासारखी कुत्री पैदा करतात. बहुतेक जण ग्रेहाउंडला मेंढ्या वळणारा कुत्रा दाखवतात. माझा धनी ओबेड सेचेल याला मात्र ते पटत नव्हतं.

तो म्हणायचा, ग्रेहाउंडला नुसते पाय असतात. काटेरी कुंपणातून गेली की कातडी फाटते, आणि एकदा सशामागे सुटली की धनी मेला काय अन् जगला काय, तिला पत्ता नसतो. त्याला धाव आईची हवी होती, पण जीव राखणदाराचा हवा होता. जाळ्यापाशी दगडासारखी बसेल, माणूस येतोय हे आधी ओळखेल आणि वेळ आलीच तर धन्यापुढे उभी राहील, अशी कुत्री.

आता पंचक्रोशीत राखण करणारा खरा कुत्रा एकच होता. सुलतान. जमीनदाराच्या रानाचा राखा जो टनार्ड, त्याचा तो मॅस्टिफ जातीचा धिप्पाड कुत्रा. चोरटे शिकारी पाडून धरून ठेवणं हेच सुलतानचं काम. ओबेडच्या मेहुण्याच्या, जेबेझच्या छातीवर तो एकदा अर्धा दिवस बसला होता. ओबेडने नेमकं त्यालाच जावई करून घ्यायचं ठरवलं.

एका रविवारी टनार्ड चर्चमध्ये असताना ओबेडने माझ्या आईला, व्हायलेटला, मागच्या कुंपणावरून त्याच्या अंगणात उतरवलं. ओबेडची बायको केझिया चर्चमध्ये टनार्डच्या मागच्याच बाकावर बसली होती. तो लवकर उठला तर चक्कर येऊन पडायचं, असं तिला बजावलं होतं. तिला पडावं लागलं नाही, कारण प्रवचनात टनार्डला झोप लागली. आणि इकडे सुलतानही राखण विसरला. बाप झाला म्हणून काय झालं, खरं ते बोलायलाच हवं. कुंपणानेच शेत खाल्लं, आणि मी जन्मले.

आम्ही पिल्लं पळायला लागल्यावर ओबेडने आम्हाला अंगणात सोडलं आणि एक चिंधी दोरीला बांधून ओढली. भावंडं चिंधीमागे धावली. मी अंगणाच्या कोपऱ्याकडे तोंड करून उभी राहिले. तिथे फावडं घेऊन एक म्हातारा बसला होता आणि त्याच्या अंगाला कसलाच वास नव्हता. वास नसलेला माणूस मी तोवर पाहिला नव्हता, म्हणून माझ्या पाठीवरचे केस उभे राहिले.

"सासरे जाईपर्यंत तिथेच बसायचे," केझिया हळूच म्हणाली आणि घरात निघून गेली. ओबेड हसला. पण त्याने मलाच ठेवून घेतलं.

पुढे मला ते उमगत गेलं. आईचं रक्त पळणाऱ्याच्या मागे धावतं. बापाचं रक्त स्तब्ध उभ्या असलेल्यासमोर थांबतं. आणि आमच्या चरांच्या काठी स्तब्ध उभे असलेले पुष्कळ आहेत. धुकं पडलं की ते दिसतात. व्हायलेट त्यांच्या अंगातून पार निघून जायची, तिला काही कळायचं नाही. मी थांबायचे. मग ओबेडही थांबायचा, टोपीला हात लावायचा आणि वळसा घालून पुढे जायचा. विचारत कधीच नसे. हा त्याचा गुण मला फार आवडायचा.

मी जिवाभावाने त्याची होते. हे एकदा स्पष्ट सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना तुम्ही भलतं समजणार नाही.

आमच्या धंद्यात सगळ्यात अवघड धडा सशाचा नसतो, अनोळखीपणाचा असतो. राखा समोर आला की कुत्र्याने धन्याला ओळखायचं नाही. त्याच्याकडे बघायचं नाही, शेपूट हलवायची नाही, तोंड फिरवून दुसऱ्याच वाटेने घरी जायचं. कुत्री ज्याची, चोरी त्याची. कुत्री कुणाचीच नसेल तर राखा धरणार कुणाला?

जेबेझ राख्यासारखे चामडी पट्टे पायाला बांधायचा आणि त्यांना बंदुकीचं तेल चोळायचा. मग तो आणि ओबेड शेजारी उभे राहायचे. मी ओबेडकडे गेले की हेझलच्या झाडाच्या छडीचा फटका बसायचा. तोंड फिरवून गेले की घरी डुकराच्या भाजलेल्या चरबीचा तुकडा मिळायचा. एवढ्याने भागेना, तेव्हा ओबेड मला गोड बोलून बोलवायला लागला. "ये गं टॅन्सी, ये माझी बाय." मी हुरळून गेले की पुन्हा फटका. शेवटी माझ्या हाडात एक गोष्ट मुरली. बंदुकीच्या तेलाचा वास असला की ओबेड परका. आणि तो जितकं कळवळून बोलवेल, तितकी मान घट्ट फिरवायची.

केझिया दारात उभी राहून बघायची. एकदा म्हणाली, "मुक्या जिवाला आपल्या माणसाची ओळख विसरायला शिकवतोयस. हे अंगाशी येईल, ओबेड."

"ती विसरत नाही गं," ओबेड म्हणाला. "ती दाखवत नाही. दोन्हींत फरक आहे."

धडा कामाला आला. बांधावरच्या रस्त्यावर टनार्ड आम्हाला कितीतरी वेळा आडवा आला. कुत्री कुणाची म्हणून तो विचारायचा. ओबेड खांदे उडवायचा, म्हणायचा, कुणास ठाऊक साहेब, कधीची मागे लागलीय, तुम्हीच हाकला. आणि मी दोघांच्या मधून अशी निघून जायचे, की दोघंही रस्त्यावरचे खांब असावेत. टनार्ड माझ्या तोंडाकडे बराच वेळ बघत राहायचा. मग बंदूक खांद्यावर टाकून चालू लागायचा.

नोव्हेंबरातली ती दुपार. धुकं असं, की मला माझीच शेपूट दिसेना. ओबेड मोठ्या चराच्या काठाने पुढे चालला होता आणि त्याच्या पायाखालची माती खचली. काठाचं मोठं ढेकूळ त्याला घेऊन खाली गेलं. कमरेपर्यंत चिखल, आणि पायावर कसलंतरी जुनं लाकूड. त्याने ओढून पाहिलं, पण पाय निघेना. दर भरतीला चरांच्या तोंडाची समुद्राकडची लाकडी दारं मिटतात आणि चराचं पाणी तुंबून चढतं, हे आमच्याकडे पोरंसोरंही जाणतात. ओबेड ओरडायला लागला.

बराच वेळ कुणी आलं नाही. मग बूट वाजले. टनार्ड हाका मारत होता, कोण आहे, कुठे आहे. धुक्यात आवाज चारही बाजूंनी येतो. शेजारीशेजारी चर, सगळे सारखे. तो भलत्याच चराकडे निघाला होता.

"टॅन्सी," ओबेड म्हणाला, "जा. आण त्याला इकडे."

मी धावत गेले. टनार्डने मला पाहिलं आणि त्याचा जीव भांड्यात पडला. "आलीस? चल, दाखव तुझा धनी कुठेय," म्हणत तो माझ्यापाशी वाकला. आणि बंदुकीच्या तेलाचा वास माझ्या नाकात शिरला.

एक हुकूम ताजा होता आणि एक हाडात मुरलेला होता. मी मान फिरवली आणि दुसऱ्या वाटेने घराकडे चालायला लागले. आणि तो भला माणूस, कुत्री धन्याकडेच नेतेय असं समजून, माझ्या मागून आला.

पावलं लांब जाताना ओबेडने ऐकली असणार. त्याने हाक मारली, "टॅन्सी, अगं मी आहे. आता ओळख दाखव गं. ये माझी बाय." आवाज इतका कळवळलेला होता, की मी मान आणखी घट्ट फिरवली. मी चुकले नाही. जे शिकवलं ते तंतोतंत केलं. माझं दुःख तेच आहे.

केझियाने दार उघडलं. टनार्ड धापा टाकत म्हणाला, कुणीतरी ओरडतंय, हिने मला सरळ इथे आणलं, ओबेड घरी आहे ना? केझियाने माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्या पट्ट्यांकडे पाहिलं, आणि तिचं तोंड मातीसारखं झालं.

"तुम्ही माझ्या मागे येऊ नका," ती म्हणाली. "अजिबात येऊ नका." आणि माझ्याबरोबर धुक्यात धावत सुटली. तिला मी सरळ नेलं. एकही वळण चुकलं नाही.

पाणी चढलेलं होतं. वर फक्त ओबेडचा एक हात होता, काठावरचं गवत धरून. तो हात सोडवायला तिला फार वेळ लागला.

ओबेडला पुरून आल्यावर टनार्ड टोपी हातात घेऊन आमच्या दारात आला. केझियाने मला त्याच्यापुढे ढकललं. "हिला घेऊन जा, साहेब. तुमच्याच दारची आहे ही. माझ्याच्याने हिच्याकडे बघवत नाही."

"माहीत आहे मला," टनार्ड म्हणाला. "सुलतानचं तोंड मी ओळखणार नाही? ओबेडची कुत्री आहे, हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. म्हटलं, जाऊ दे. ससेच तर आहेत."

यावर केझिया हसली. तसं हसू मी त्याआधी ऐकलं नव्हतं आणि पुन्हा ऐकायची इच्छाही नाही.

तेव्हापासून मी टनार्डच्या अंगणात राहते. सुलतान म्हातारा झालाय, आम्ही दोघं भिंतीलगत पडून असतो. खायला चांगलं मिळतं, कुणी मारत नाही. पण धुकं पडलं की ओबेड फाटकाशी येतो. बाहीतून पाणी निथळत असतं आणि खालची फरशी कोरडीच राहते. त्याच्या अंगाला आता कसलाच वास नाही. सुलतानही त्याला बघतो आणि गुरगुरत नाही. टनार्ड जवळच असतो, कोटाची बटणं लावत म्हणतो, एकाएकी किती गार झालं. ओबेड मला हाक मारतो. मी मान फिरवते.

परवा टनार्ड बहिणीकडे गेला होता. दिवसभर धुकं होतं आणि ओबेड आला. मी वाट बघत होते अशाच दिवसाची. उठले, फाटकापाशी गेले, आयुष्यभराची राहिलेली शेपूट हलवली. त्याने माझ्या गळ्यातल्या नव्या पट्ट्याकडे पाहिलं. या घरात राहून राहून बंदुकीच्या तेलाचा वास माझ्याही अंगात मुरलाय, तो त्याला आला असेल का, कुणास ठाऊक. रस्त्यातल्या खांबाकडे बघावं तसं त्याने माझ्याकडे पाहिलं, मान फिरवली आणि दुसऱ्या वाटेने निघून गेला. तो काही विसरला नव्हता. त्याचाच धडा आहे तो.

तुमच्यापैकी कुणाचं त्या चराच्या काठाने धुक्यात जाणं झालं आणि वास नसलेला ओला माणूस उभा दिसला, तर भिऊ नका. टोपीला हात लावा आणि वळसा घालून जा. पण जाता जाता त्याला एवढं सांगा, की टॅन्सी तुला ओळखते. त्या दिवशीही ओळखत होती.