नेहमी एकाने कमी पडणारी २५१९

मी एक जुनी संख्या आहे, मित्रांनो. दोन हजार पाचशे एकोणीस. माणसं मोजायला शिकली त्याच्या आधीपासून मी २५१८ आणि २५२० यांच्या मधे गुमान बसून आहे.

माझी शेजारीण २५२० फार मानाची. एकपासून दहापर्यंत कोणीही तिचे सारखे वाटे करावेत, मागे काही उरत नाही. असं जमणारी सगळ्यांत लहान संख्या तीच, त्यामुळे तिचा तोरा विचारूच नका! माझं नेमकं उलटं. मला दहाने भागा, नऊ उरतात. नऊने भागा, आठ. आठने भागा, सात. अगदी दोनने भागलं तरी एक उरतोच. प्रत्येक वेळी एकच कमी पडतो. अकराने मात्र मला पूर्ण भाग जातो, पण अकरा वाटे करतंय कोण?

गेल्या जुलैत कासार आंबोलीच्या टेकडीवर झाडं लावायचं ठरलं. हिंजवडीहून मंडळी येणार होती. प्रत्येक गाडीतल्या लोकांना सारखीच रोपं द्यायची होती. गाड्या किती ते नक्की नव्हतं, दहाच्या वर नाहीत एवढंच कळलं होतं. म्हणून गणित शिकवणाऱ्या नलिनीबाईंनी २५२० रोपं मागवली. ती शाळेच्या पटांगणात उतरली. शेजारीच गंगूबाईंचं शेळ्यांचं वाडगं. गावचे सरपंच बापूसाहेब यांनी त्यांना आधीच बजावलं होतं की, एका रोपाला जरी तोंड लागलं, तरी शेळ्यांना टेकडी बंद. त्या तीस शेळ्यांना चरायला दुसरं रान नव्हतं.

सकाळी सात गाड्या आल्या. बाईंनी सारखे वाटे केले, शेवटच्या गाडीला एक रोप कमी. तेवढ्यात आठवी गाडी आली. पुन्हा वाटे, पुन्हा एक कमी. नववी आली तरी तेच!

"म्हणजे रोपं २५१९ आहेत," बाई म्हणाल्या. इतक्या वर्षांत कोणी माझं नाव घेतलं नव्हतं. मी हरखून गेले.

पण बापूसाहेबांची नजर वाडग्याकडे गेली. एक शेळी मजेत रवंथ करत होती आणि तिच्या तोंडातून रोपाची काळी पिशवी लोंबत होती.

"बगा! गंगूबाई, आजपासनं टेकडी बंद!"

माझा आनंद कुठल्या कुठे पळाला. माझ्यामुळे तीस शेळ्या उपाशी राहणार होत्या.

गंगूबाई वाडग्यात गेल्या आणि वीतभर बोरीचं रोप मुळासकट उकरून घेऊन आल्या.

"शेळ्यांनी बोरं खाल्ली, बी लेंडीत पडलं, आन् ह्ये उगावलं. म्या न्हाई लावलं. माज्या शेळीनं एक खाल्लं, व्हय. पन एक दिलं बी हाय."

नलिनीबाईंना हसू आवरेना. "बापूसाहेब, झाली की २५२०! नऊ गाड्यांना दोनशे ऐंशी-दोनशे ऐंशी."

बापूसाहेबांनी डोकं खाजवलं. "बरं, चारा शेळ्या. पन ह्या बोरीची राखन तुमच्याकडं. तुमच्या शेळीपासनं तुमीच वाचवा तिला!"

माझं काम तिथे संपलं. मी शेजारणीला जागा दिली आणि मला जराही वाईट वाटलं नाही.

मित्रांनो, वाट्यात काही कमी पडलं, तर कोणाचं चुकलं ते जरूर शोधा. पण त्याच्याजवळ द्यायला काय आहे, तेही विचारा. आणि त्या टेकडीवर कधी गेलात, तर बोरीला तांब्याभर पाणी घाला. माझ्यात जो एक कमी होता, तो तिथे वाढतो आहे.