शिंपल्यांची भिंत

गुरुवारी बाबा मागच्या अंगणात खुर्ची टाकून मला शिकवत होता. मांडीवर घोंगडी, डाव्या हातात चहाचा मग, समोर कुंपणाला टेकवलेली जुनी फळी. मी त्या फळीवर गिलावा चढवायचा आणि त्याने नावं ठेवायची, असं आठवडाभर चाललं होतं.

"थापी सपाट धरलीस की चिकटणारच. पुढची कड जरा उचल. पावाला लोणी लावतेस तशी."

"मी लोणी खात नाही."

"म्हणूनच हात असा सुकलाय."

बाबाने, म्हणजे नॉर्मन हेब्डनने, पन्नास वर्षं इंग्लंडातल्या हॅलिफॅक्सच्या चढावरच्या घरांमधून भिंती गुळगुळीत केल्या. स्वतःच्या पुढच्या खोलीत मात्र एक भिंत तशीच राहिली. अठ्ठ्याहत्तर सालच्या नाताळात आईच्या माहेरची माणसं येणार होती, भिंतीला भेगा होत्या आणि हाताशी एकच रविवार. त्याने जाड लेप फासला आणि कंगव्याने त्यात शिंपल्यांचे आकार काढले, एकाला एक लागून, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तेव्हा अख्ख्या गल्लीत तेच चाललं होतं. आईला फार आवडले. बाबाने "वर्षभरात नीट करतो" म्हणून सांगितलं आणि पुढची चाळीस वर्षं भिंतीकडे पाठ करून आरामखुर्चीत बसला.

आई गेली. मग अर्धांगाच्या झटक्याने बाबाचा उजवा हात गेला. तेव्हा आम्ही ठरवलं, भिंत आता नीट करायची, हात माझे, डोळे त्याचे. लेपाचा कपचा ओला करून, दोन पिशव्यांत बांधून तपासायला पाठवला. त्यात ॲस्बेस्टॉस निघालं.

"खरवडायचं नाही, घासायचं नाही," बाबा म्हणाला. "धूळ उडाली की छातीत जाते. ती आहे तिथेच राहू दे. वरून झाकायची. आधी गोंद. तो बोटाला चिकटतोय तोवर पहिला हात. वाळला की संपलं."

"किती वेळा सांगशील?"

"तू ऐकेपर्यंत." त्याने रिकामा मग माझ्याकडे दिला. "शनिवारी भिंत."

"शनिवारी मला वह्या तपासायच्यात."

"त्या कुठे पळून जातायत?"

शुक्रवारी सकाळी मी चहा वर नेला, तेव्हा तो गेलेला होता.

अंत्यविधीला तारीख मिळाली ती जवळजवळ दोन आठवड्यांनंतरची, बुधवारची. नंतर चहा आणि हॅमचे सँडविच घरीच, पुढच्या खोलीत. त्याचे गिलाव्याच्या कामावरचे जुने सोबती येणार होते. ही माणसं कुणाच्याही घरी गेली की आधी भिंतीवरून तळवा फिरवतात, मग "कशी आहेस" विचारतात. त्यांनी शिंपल्यांवरून हात फिरवावा, हे मला नको होतं.

"माणूस बोलाव," सिरिल म्हणाला. बाबाबरोबर तीस वर्षं त्याने माल कालवला होता. "मी एकाला सांगतो. अर्ध्या दिवसाचं काम."

"मी करणार."

"लोर्ना, तू शाळेत कविता शिकवतेस."

"मी करणार म्हटलं ना, सिरिलकाका."

त्याने बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसला. "बरं. मग बघतो."

जमिनीवर प्लास्टिक अंथरून मी गोंद लावला. मग माल कालवायला गेले, गाठी राहिल्या, त्या फोडत बसले. परत आले तोवर गोंद वाळून गेला होता. मी बोट लावून पाहिलं नाही. घाई होती. अर्धी भिंत भरून मागे सरले आणि वरच्या कोपऱ्यातला गिलावा हळूच पुढे कलला. मग सगळाच घसरत खाली आला, माझ्या बुटांवर. मागचे शिंपले जसेच्या तसे.

सिरिलने फ्लास्कमधला चहा ओतला.

"तुला दिसत होतं," मी म्हणाले.

"दिसत होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"नॉर्मनही बोलायचा नाही. गिलावा पडू द्यायचा. एकदा पडला की माणूस पुन्हा विसरत नाही." त्याने थांबून विचारलं, "आता बोलावू माणूस?"

मी ओला माल भरून बाहेर नेला, बादल्या धुतल्या. दुसऱ्या दिवशी माल आधी मोजून ठेवला, मग गोंद लावला आणि बोट टेकवून उभी राहिले. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा बोट चिकटलं. शिंपल्यांमधल्या खळग्या गिलाव्याच्या पहिल्या जाड हाताने भरल्या. खांदा भरून आला तेव्हा थापी दोन्ही हातांनी धरली. थापीच्या मुठीवर बाबाच्या अंगठ्याने पाडलेला खळगा होता. माझा अंगठा त्यात सैल बसत होता. मग वरचा पातळ हात. तो सुकून आवळत आला तसं पाणी शिंपडून पुन्हा फिरवला, आणि पुन्हा. दुपारचे चार वाजले तेव्हा एकही शिंपला उरला नव्हता.

सिरिल उठला. टेबलावरचा दिवा त्याने भिंतीला लागून आडवा धरला, कारण असा उजेड काहीच लपवू देत नाही. टोकापासून टोकापर्यंत सावकाश चालत गेला.

"दिव्याच्या बटणापाशी भिंतीला पोट आलंय."

"माहितेय."

"बाकी..." त्याने तळवा फिरवला. बराच वेळ. "बुधवारी लोक विचारतील, कुणी केली म्हणून."

"सांग, नॉर्मनच्या मुलीने."

"सांगेन ना. पण इतकी वर्षं कुठे होतीस गं? आम्हाला माणूस मिळत नव्हता, आणि ही घरात बसून पुस्तकं वाचत होती."

सोळाव्या वर्षीच्या उन्हाळ्यात मी रोज सकाळी सहाला उठून बाबाचा डबा भरायचे आणि दारात उभी राहायचे. जुने बूट घालून. तो डबा घ्यायचा, माझ्या डोक्यावर टपली मारायचा, "जा, अभ्यास कर" म्हणायचा आणि व्हॅन सुरू करायचा. कुणाच्या घरून टाकून दिलेली पुस्तकं संध्याकाळी माझ्यासाठी घेऊन यायचा. मुलगी कॉलेजात जाणार म्हणून तो सगळ्या गल्लीला सांगत होता. त्याला मी काय सांगणार?

सिरिल उत्तराची वाट पाहत होता. भिंत अजून ओली होती, मधूनमधून गडद. तिच्याकडे पाठ करून ठेवलेली आरामखुर्ची मी धरली आणि फिरवून भिंतीसमोर लावली.

"बाबा," मी मोठ्याने म्हणाले, "मला तुझ्याबरोबर कामाला यायचं होतं."