डब्यातला गवती चहा

मी गवती चहा बोलतोय. मागच्या अंगणात, नळाजवळ, पत्र्याच्या चौकोनी तेलाच्या डब्यात असायचो, तोच मी.

मला लावलं मास्तरांनी. मास्तर म्हणजे शिवणकाम करणारे. शाळेशी त्यांचा संबंध नाही. डब्याच्या तळाला खिळ्यानं भोकं पाडून त्यांनी माझा चार कोंबांचा ठोंब मातीत दाबला आणि म्हणाले, "वाढ बाबा, माप नंतर घेऊ." रोज सकाळी जुनी कापडाची कात्री घेऊन यायचे आणि मोजक्या पाती कापायचे. त्यांनी कापल्यावर दुखायचं नाही. हलकं वाटायचं.

नवा हंगाम आला की अंगणात जुना प्लास्टिकचा कागद पसरला जाई. साऱ्या कुंड्या त्यावर उलट्या व्हायच्या. जुनी मुळं वेचायची, माती उन्हात तापवायची, शेणखत मिसळायचं, मग पुन्हा कोथिंबीर, मेथी, मिरच्या. मलाही मास्तर डब्यातून उपटून हातानं फोडायचे. वाळका भाग फेकून द्यायचे आणि कोवळे कोंब नव्या मातीत लावायचे. फोडणं हेच आमच्या जातीचं आयुष्य. न फोडलेला गवती चहा स्वतःच्याच गर्दीत मरतो.

मग मास्तर एके दिवशी मशीनवरच कलंडले. उजवी बाजू गेली. त्यांना माडीवरच्या खोलीत निजवलं आणि अंगणात एकट्या बाई यायला लागल्या.

बाई म्हणजे त्यांची बायको. देवावर फार श्रद्धा. कात्री कापडात गुंडाळून ठेवली त्या दिवशी माझ्यासमोर हात जोडून म्हणाल्या, "देवा, हे आपल्या हातानं याची पात कापतील, तेव्हाच या घरात गवती चहा उकळेल. तोवर याला कुणी हात लावणार नाही. हा तुला माझा शब्द."

बोलल्या मायेनं. पण दार लागलं ते माझं.

पुढचा हंगाम आला. कागद पसरला, कुंड्या उलट्या झाल्या, मी तिथंच. त्याच्या पुढच्या हंगामातही तेच. मुळं पत्र्याला धडकून वळली, एकमेकांच्या गळ्यात पडली, भोकांतून बाहेर डोकावली तर तिथं फरशी. मधला गाभा वाळला. बाई प्रेमानं तांब्याभर पाणी घालायच्या आणि ते कडेकडेनं वाहून जायचं. माती उरलीच नव्हती ना. मी पिवळा पडलो की त्यांचा चेहरा उतरायचा. मला जगवणं आणि नवऱ्याला उठवणं त्यांच्या मनात एकच झालं होतं.

रोज सकाळी जिन्याखालून त्यांची हाक यायची, "अहो, आज उतरताय ना? तुमचा गवती चहा वाट बघतोय." मास्तर तिसऱ्या पायरीपर्यंत यायचे, भिंतीला टेकून बसायचे आणि परत जायचे. हळूहळू तेवढंही थांबलं. मी डब्यात कोंडलेला, ते खोलीत.

या हंगामाला कुंड्या भरू लागायला बाईंची नणंद आली. मोठ्या आवाजाची, मातीत कोपरापर्यंत हात घालणारी. मला पाहून म्हणाली, "वहिनी, हा डबा आहे की दिवस भरलेली बाई? आता फुटेल." आणि खुरपं घेऊन सरसावली.

बाईंनी तिचा हात धरला. देवाला दिलेला शब्द सांगितला. नणंद खुरपं ठेवून खाली बसली आणि म्हणाली, "शब्द तू दिलास आणि भोगतोय कोण, ते बघ. हे झाड. आणि वर दादा. रोज सकाळी तू त्याला जिना दाखवतेस, वहिनी. त्याला खाली तोंड दाखवायची लाज वाटते, कळत कसं नाही तुला?"

बाई ढेकळं फोडत राहिल्या. एक ढेकूळ कितीतरी वेळ चुरत होत्या, त्याचं पीठ झालं तरी. मग पदराला हात पुसत म्हणाल्या, "मी त्यांच्या हातानं एवढंच म्हटलं होतं गं. खाली येऊनच, असं कुठं म्हटलं होतं? ते मीच धरून बसले."

"मग?"

"धर त्या बाजूनं."

दोघींनी मला उचललं. जिन्याच्या वळणावर डबा अडकला, नणंद खालून ढकलत म्हणाली, "लग्नात तुझं कपाटसुद्धा इथंच अडकलं होतं." दोघी हसल्या. त्या घरातलं हसू मी फार दिवसांनी ऐकलं.

मास्तर भिंतीकडे तोंड करून पडले होते. डबा पलंगापाशी टेकला तसे वळले. बाईंनी कापडात गुंडाळलेली कात्री सोडून त्यांच्या डाव्या हातात दिली. पहिल्या खेपेला माझी पात कात्रीत नुसती दुमडली. दुसऱ्यांदाही. बाईंनी आपले हात पाठीमागे घट्ट धरले होते, मदतीला जाऊ नयेत म्हणून.

"उजव्या हाताची कात्री आहे," मास्तर जड जिभेनं म्हणाले. मग जन्मभराचा कारागीर जागा झाला. अंगठ्याचा जोर उलटा लावून त्यांनी कात्रीची पाती एकमेकांना भिडवली. खच्. एक पात पलंगावर पडली आणि खोलीभर माझा वास पसरला.

बाईंनी डोळे मिटून हात जोडले. मास्तर मात्र डब्याकडे बघत म्हणाले, "याला कोंडून मारलंत तुम्ही. पत्रा कापा."

नणंदेनं पत्रा कापला. आत मी डब्याच्याच आकाराचा, चौकोनी निघालो. वाळका गाभा गेला. तीन ठोंब खाली अंगणातल्या मातीत गेले. चौथा रुंद कुंडीत, मास्तरांच्या खिडकीत. तुमच्याशी बोलतोय तो हा चौथा.

मास्तर अजून खाली उतरलेले नाहीत. जिना तसाच आहे. बाई आता खालून हाक मारत नाहीत. सकाळी चहाचं आधण ठेवून वर येतात आणि मास्तर एक पात कापून त्यांच्या हातात देतात.

देवाला शब्द जरूर द्या, बायांनो. फक्त त्या शब्दात कोण अडकलंय, ते अधूनमधून बघत जा.

काल मास्तरांनी माझ्या मातीत बोट खुपसलं. कडेला नवं मूळ लागलं. म्हणाले, "अगं, पुढच्या हंगामाला हा फोडायला येईल. नळाजवळ जागा ठेव. बघू, मीच लावतो."

मघाशी मी खिडकीतून पाहिलं, नळाजवळची दोन विटांएवढी जागा त्यांनी खणून मोकळी ठेवली आहे.