दादाचा पाय

यंत्राचा हात टाके घालत होता. नकली आतड्याच्या दोन कडा सुई जोडत चालली होती. दादा पडद्याला डोळे लावून बसला होता. तो सर्जन. त्याचं काम फक्त लक्ष ठेवायचं, आणि काही बिनसलंच तर पायाखालचं पेडल दाबून सुई थांबवून आपल्या ताब्यात घ्यायची. बाकी सगळी शिवण यंत्राची.

यंत्राला शिवण शिकवली होती त्याच्या धाकट्या बहिणीनं. ती मात्र टेबलाखाली बघत होती.

"दाबलंस!"

"काय?"

"पेडल. आत्ता, सुई अडकली तेव्हा."

"माझा पाय हललासुद्धा नाही. डोळे तपासून घे."

"तुझ्या पायाला सवय आहे रे! तुला कळायच्या आत तो दाबून मोकळा होतो. आणि क्षणभराचं दाबणं माणसाची मदत म्हणून मोजायचं नाही, असं सरांनी ठरवलंय."

सर म्हणजे विभागप्रमुख. ते खुर्चीतूनच म्हणाले, "पाय नुसता टेकला तरी नोंद व्हायची, म्हणून ठरवलं. उगाच खुसपट काढू नकोस. यंत्र एकट्यानं शिवतं, असा आपला शोधनिबंध छापायला गेलाय, सोमवारी पहिला पेशंट आहे."

"पेशंट आहे म्हणूनच बोलतेय!" तिचा आवाज चढला. "उद्या या जागी एखादा नवखा डॉक्टर बसेल. त्याच्याकडे दादाचा पाय असणार आहे का?"

"हिला लहानपणापासून हरायला आवडत नाही," दादा सरांना म्हणाला.

ती तडक त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "मांडी घाल."

"स्टुलावर?"

"स्टुलावरच. पडलास तर उचलीन."

दादानं बूट भिरकावले आणि चरफडत मांडी घातली. तिनं नवीन आतडं लावलं. सुई निघाली. सरळ कडेवर टाके एकसारखे पडले. सर हसले. मग वळण आलं, सुई अडकली. मागे यायचं सोडून यंत्रानं ती पुढेच ओढली. कड टरकन फाटली.

दादा पडद्याकडे बघतच नव्हता. तो आपल्या उजव्या पायाकडे बघत होता. मांडीत अडकलेल्या त्या पायाचा पंजा हवेतच पुन्हापुन्हा खाली दाबला जात होता.

"एकदा फाटलं म्हणून काय झालं?" सर म्हणाले.

"काय झालं?" दादा एकदम उसळला. "माणसाचं पोट असतं ते, सर! सोमवारी मी हातानं शिवणार. आणि तो निबंध परत मागवा."

"चार वर्षांचं काम मातीत घालताय तुम्ही दोघं!"

"काम माझं आहे," ती म्हणाली. "खोट्या यशापेक्षा मातीत गेलेलं परवडलं."

सर दार आपटून निघून गेले. दादा खाली उतरायला लागला.

"उतरू नकोस," ती फाटलेलं आतडं सोडवत म्हणाली. "अजून दहा वेळा फाडायचंय. आणि मला आंधळी म्हणालास, त्याचं घरी बघते."