दीड वितीची नळी

"बाबा, मिनिटाला नऊशे गोळ्या सुटतात, मग नळी जराशी वाकडी असली तर बिघडलं काय?"

पाल्मिराने हे विचारलं ते भर दुपारी, कारखान्याच्या दालनात, वीसेक कामगारांसमोर. हातात बापासाठी फडक्यात बांधून आणलेला पोलेंता, मक्याच्या पिठाचा घट्ट सांजा. वर्गातल्या ओत्ताविया आणि चेलेस्ता दाराआड तोंड दाबून उभ्या होत्या. सगळ्यांदेखत विचारून दाखव, नाहीतर तुझी हिंमत घरच्या कोंबड्यांपुरतीच, असं त्यांनीच तिला डिवचलं होतं.

हातोड्या थांबल्या. कारण हाच प्रश्न मुकादम गुसाल्ली आठवडाभर चघळत होता. गेल्या वर्षीपर्यंत ही बंदूक जुळी होती. दोन नळ्यांची, पायांवर उभी राहून नुसत्या गोळ्या ओतणारी. या वसंतात इटलीतल्या गार्दोनेच्या या कारखान्यात त्या जुळ्यांची ताटातूट चालली होती. एकेक नळी सुटी करायची, तिला लाकडी दस्ता लावायचा, की एकट्या माणसाने पळत पळत चालवावी अशी बंदूक तयार. नळी जेमतेम दीड वीत. एवढुशीला डोळ्याने सरळ करणारा कारागीर हवाच कशाला, असं गुसाल्लीचं म्हणणं. ते खरं ठरलं, तर पाल्मिराचा बाप जोआकिनो उजेडात नळ्या सरळ करायची तीस वर्षांची खिडकी सोडून पेट्यांना खिळे ठोकत बसणार होता.

"पोरीने माझंच काम केलं," गुसाल्ली हसला. "दे उत्तर."

जोआकिनोने हात पुसले. "जुळीला नेम नव्हता. हिच्या दस्त्याला आता आमचा पोरगा फाउस्तिनो गाल लावणार, तिथे डोंगरातल्या आघाडीवर. गाल आला म्हणजे डोळा आला. मग नळी सरळ नको?" आणि नुकतीच सरळ केलेली नळी त्याने लेकीच्या हातात दिली. "तूच बघ."

डबा आणता आणता पाल्मिरा बघायला कधीच शिकली होती. खिडकीच्या चौकटीची सावली नळीच्या आत रेघेसारखी धावते. रेघ मोडली की नळी वाकडी. बापाच्या खिडकीत गुसाल्लीचं पोट आडवं होतं, म्हणून ती नदीकडच्या खिडकीशी गेली. रेघ तोंडाशी मोडत होती. बोलावं तर बापाची खिडकी जाणार. गप्प बसावं तर ही नळी भावाच्या गालाशी जाणार.

"बाबा, ही तोंडाशी डावीकडे वळलीय."

कोणीतरी फिसकन हसलं. गुसाल्लीने नळी बसवायला लावली, अंगणातल्या भिंतीवर झाडून बघितली. सगळी भोकं खुणेपासून दीड हात बाजूला. तो परत आला तेव्हा हसत नव्हता.

जोआकिनो नळी घेऊन नदीच्या खिडकीशी गेला, बराच वेळ बघत राहिला. मग स्वतःच्या खिडकीतून बाहेर पाहिलं. गल्लीपलीकडे, त्याच्याच घराच्या सज्जात, दोन पांढऱ्या चादरी वाळत होत्या. त्यांचा झगमगाट सरळ नळीत शिरून रेघ धुऊन टाकत होता.

त्याने तांब्याची हातोडी उचलली आणि एकच ठोका दिला. दुसऱ्यांदा झाडली तेव्हा सगळी भोकं कॉफीच्या एका कपाखाली झाकली गेली असती.

खिडकी राहू दे, एवढंच म्हणून गुसाल्ली निघून गेला. आणि जोआकिनो? जो भेटेल त्याला सांगत सुटला की तीस वर्षांत माझी चूक पकडणारं कोणी भेटलं नव्हतं, निघालं ते माझ्याच पोटचं. जणू चूक करून त्याला बक्षीस मिळालं होतं. ओत्ताविया-चेलेस्ता नदीपर्यंत पाल्मिराच्या मागे मागे आल्या, पण आज डिवचायला नाही; तिची शाळेची पिशवी त्यांनीच उचलली होती.

संध्याकाळी आईने सूप वाढता वाढता ब्रेशाच्या मावशीचा विषय काढला. परीक्षा झाली की पाल्मिरा तिच्याकडे शिवण शिकायला जाणार, हे घरात कधीचं ठरलेलं.

पाल्मिराने चमचा खाली ठेवला.

"मी ब्रेशाला जाणार नाही. सोमवारपासून शाळा सुटली की बाबांच्या खिडकीत बसणार, आणि परीक्षा झाली की दिवसभर. आणि आई, चादरी आता मागच्या बाजूला वाळत घालायच्या."