रोज माझ्यासमोरच तर जेवते

मी एक जुनं जेवणाचं टेबल आहे. मित्रांनो, माझ्यासाठी हळहळू नका. हळहळायचंच असेल तर माझ्याभोवती बसणाऱ्यांसाठी हळहळा.

सुताराने मला जाड फळ्यांपासून घडवलं. या घरातली आई दुकानात आली, तिने माझ्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "काय गुळगुळीत आहे हो! हेच घेऊ." पहिली काही वर्षं माझी चैन होती. माझ्यावर सूप सांडलं, गृहपाठ झाले, शेवटच्या पोळीवरून भांडणं झाली. घरातली मुलगी, माऊ, जेवताना इतकी बडबडायची की बाबा म्हणायचे, "अगं, मध्ये श्वास तरी घे!"

मग फोन आले. आधी ताटाच्या बाजूला, नंतर ताटाच्या जागी. ताट बिचारं आगंतुक पाहुण्यासारखं कडेला सरकलं. तेव्हापासून माणसाच्या अकलेचे दिवे मी जवळून पाहत आहे. चमचा तोंडाऐवजी हनुवटीला लावणारे बाबा मी पाहिले. समोर बसलेल्या नवऱ्याला 'मीठ द्या' असा मेसेज पाठवणारी आईही पाहिली.

माऊ चौदा वर्षांची झाली. वर्गातल्या काही दीडशहाण्यांनी एक ग्रुप काढला, त्यात तिचा फोटो टाकला आणि तिच्या गालांवर विनोद करायची चढाओढ लावली. दाराशी मेलेला उंदीर पडला तर आपण तो उचलून फेकतो. माऊ मात्र माझ्यावर कोपरं टेकून तो ग्रुप पुन्हापुन्हा उघडायची. वाचायची, ओठ चावायची, परत वाचायची. मग ती काटकुळ्या मुलींचे फोटो बघू लागली, आणि तिच्या ताटातले घास मांडीवरच्या कागदी रुमालात जाऊ लागले.

माझ्याखाली काय चाललंय हे मला दिसत होतं. वर डोळे असलेली दोन माणसं होती, पण त्या डोळ्यांना सवड नव्हती.

एकदा बाबा फोनवरून मोठ्याने वाचू लागले, "ऐका, ऐका! मोबाइलमुळे मुलांच्या मनावर भयंकर परिणाम होतो म्हणे. कळलं का गं, माऊ?"

"हो," माऊ म्हणाली. अर्धं अंडं रुमालात गेलं.

"छान लेख आहे. सगळ्यांना पाठवतो."

वा रे पंडित!

शेवटी आईच्या लक्षात आलं. माया दाटून आली म्हणून, असं म्हणायला मला आवडलं असतं. पण खरं सांगायचं तर त्या दुपारी तिच्या फोनची बॅटरी संपली होती. करायला काही नाही, म्हणून तिने मुलीकडे पाहिलं.

"माऊ, तुझं घड्याळ एवढं सैल कधी झालं?"

माऊने घड्याळ बाहीखाली सरकवलं.

"मांडीवर काय आहे? दाखव बघू."

माऊने रुमाल माझ्यावर ठेवला. आईचा चेहरा पांढराफटक पडला. तिने बाबांच्या हातातला फोन काढून घेतला आणि पालथा घातला.

"अहो, आपली पोरगी जेवत नाहीये."

"असं कसं? रोज माझ्यासमोरच तर जेवते!"

तेव्हा माऊला रडू फुटलं. "तुम्ही बघतच नाही, बाबा. ते ग्रुपवरचे सगळे बघतात, तुम्ही नाही बघत."

आयुष्यात पहिल्यांदाच बाबांनी उत्तर शोधायला फोन उचलला नाही.

डॉक्टर झाले, समुपदेशक बाई झाल्या. आईने त्या दीडशहाण्यांच्या घरी फोन केले. "मुलंच ती, गंमत करतात," असं त्यांच्या आईबापांनी ऐकवलं. झाडच तसं, मग फळं कशी असणार? माऊने तो ग्रुप माझ्यासमोर बसून स्वतःच सोडला. आता ती जेवते, थोडं थोडं. कधी ताट दूर ढकलते, मग आई काही न बोलता शेजारी बसून राहते. बाबा अजूनही अधूनमधून मांडीवर फोन लपवतात. मला दिसत नाही असा त्यांचा समज आहे.

मित्रांनो, माझ्यावर धूळ बसली तर बसू द्या, मला ओरखडे पडले तर पडू द्या. लाकूड उपाशी राहत नाही. तुमच्या शेजारच्या खुर्चीवर बसलेलं माणूस राहतं. बॅटरी संपायची वाट न बघता तेवढं त्याच्याकडे बघा.