तीस मीटरची खोली

टेपसाहेबांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या खोल्या मोजल्या. घर विकायला निघालं, दुरुस्तीला काढलं किंवा भावाभावांत वाटायला घेतलं, की हे टेप घेऊन हजर. नाव पडलं ते त्यावरूनच. खोली हा शब्द कानावर आला की त्यांचा हात आपोआप खिशाकडे जायचा. या सगळ्यात स्वतःच्या घरी ते फारसे नसतच, आणि त्यांच्या बायकोने चौतीस वर्षं दुपारचा चहा एकटीने प्यायला होता. म्हणून ते निवृत्त झाले त्या दिवशी तिने त्यांना मनगटी घड्याळ दिलं आणि एकच मागणं मागितलं: रोज चार वाजता चहाला समोर बसायचं.

अकरा दिवस ते बसले. बाराव्या दिवशी घड्याळाच्या काचेखाली धुकं जमलं.

त्याचं कारण अगदी साधं होतं. टेपसाहेब रोज सकाळी चावी ओढून घड्याळ सेकंदाबरहुकूम लावायचे आणि अचूकपणाच्या आनंदात ती पुरती आत दाबायला विसरायचे. चावी किंचित बाहेरच, आणि हे चालले तोंड धुवायला. पण आपली चूक असेल ही शंकासुद्धा त्यांना शिवली नाही. ज्या माणसाचं माप चौतीस वर्षं चुकलेलं नाही, त्याला ती शिवणार तरी कुठून?

ते तडक घड्याळजीकडे गेले. घड्याळजी म्हणजे डोळ्याला भिंग आणि तोंडाला कुलूप. त्याने घड्याळ उघडलं, आतली ओल सुकवली, मागच्या झाकणाची रबरी रिंग बदलली, चावी दाबून बसवली आणि काम झाल्याची मान हलवली. टेपसाहेबांचं मात्र समाधान होईना. तबकडीवर बारीक अक्षरांत ‘वॉटर रेझिस्टंट ३० मीटर’ असं छापलेलं होतं. त्यावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, की हे तीस मीटर कशाचे, लांबी की रुंदी?

“खोली,” घड्याळजी म्हणाला, आणि त्याने पुढच्या घड्याळात डोकं घातलं.

टेपसाहेब घरी आले ते गंभीर चेहऱ्याने. त्यांनी बैठकीची खोली मोजली. चार मीटर वीस. कपाट सरकवून पुन्हा मोजली, तरी चार वीसच.

“याला तीस मीटरची खोली लागते,” ते बायकोला म्हणाले. “आपल्याकडे ते कोंडतंय. म्हणून तर त्याला घाम फुटला.”

तिला आधी वाटलं, चेष्टा करताहेत. मग आठवलं, की लग्नापासून आजवर या माणसाने एकदाही चेष्टा केलेली नाही.

रस्त्याच्या टोकाला गालिच्यांचं एक रिकामं गोदाम होतं. टेपसाहेबांनी ते मोजलं: एकतीस मीटर चाळीस. त्यांनी मालकाकडून किल्ली आणली, बरोबर मधोमध खुर्ची टाकली आणि घड्याळासकट तिथे मुक्काम ठोकला. दुसऱ्या दिवशी काच लख्ख. आता ती घड्याळजीच्या रिंगेमुळे लख्ख होती हे कुणीही सांगितलं असतं, पण गोदामात सांगायला होतं कोण? खुर्चीपाठोपाठ खाट गेली, खाटेपाठोपाठ दाढीचं सामान गेलं. दाढी मात्र ते फाटकाबाहेर जाऊन करत.

बायको बिचारी चार वाजता थर्मास घेऊन तिथे पोहोचली. तर यांनी तिला दारातच थांबवलं; म्हणे, चहाची वाफ लागेल. ती दाराशी एका खोक्यावर बसली, ते पंधरा मीटरवर खुर्चीत. साखर बरोबर आहे का, हे तिला ओरडून विचारावं लागलं, आणि रिकाम्या गोदामाने तोच प्रश्न तिला उलट विचारला. घरी येऊन ती रडली. चौतीस वर्षं निदान ते कामावर असायचे. आता त्यांना काही काम नव्हतं आणि तरी ते घरी नव्हते. त्या दिवसापासून ती त्या घड्याळाला पाण्यात पाहू लागली.

नवव्या दिवशी तिने घड्याळजीचं दुकान गाठलं आणि ह्यांना नेमकं काय सांगितलंत, असं खडसावून विचारलं.

“एकच शब्द बोललो, वहिनी. खोली.” आणि घड्याळजीने तळहात आडवा धरून खाली, खाली नेला, विहिरीत पोहरा सोडावा तसा.

ती त्या हाताकडे बघत राहिली. मग जी हसत सुटली ती स्टुलावर बसेपर्यंत हसली. घड्याळजीला प्रथमच दोन वाक्यं जास्त बोलावी लागली: तीस मीटर लिहिलं म्हणून त्यात पोहायचं नाही, पण चावी दाबलेली असली तर हात धुवायला हरकत नाही.

नुसतं सांगून टेपसाहेबांना पटणार नाही, हे ती जाणून होती. चार वाजता ती पाण्याने काठोकाठ भरलेली बादली घेऊन गोदामात शिरली आणि दाराशी न थांबता सरळ मध्यापर्यंत चालत गेली. टेपसाहेब मनगट छातीशी धरून उभे राहिले.

“अहो, एवढं मोजून द्या,” ती म्हणाली. “बादलीची खोली.”

हात खिशाकडे गेलाच. त्यांनी टेप पाण्यात सोडली, वाकून आकडा वाचला आणि सवयीप्रमाणे मोठ्याने जाहीर केला, “खोली तीस सेंटिमीटर.”

“खोली,” गोदाम म्हणालं.

टेपसाहेब वाकलेले तसेच राहिले. त्यांचे कान लाल झाले. तिने त्यांचं मनगट हातात घेतलं, अंगठ्याने चावी आत दाबली आणि त्यांचा हात आपल्या हातासकट बादलीत बुडवला. पाण्याखाली सेकंदकाटा पुढे सरकत होता.

“किती वाजले?”

“चार वाजून सहा मिनिटं.”

“म्हणजे उशीर किती झाला?”

“सहा मिनिटं.”

“नीट मोजा.”

टेपसाहेबांनी घड्याळाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

“चौतीस वर्षं,” ते म्हणाले, “आणि सहा मिनिटं.”

मग बादलीची कडी दोघांनी दोन बाजूंनी धरली, आणि ते चहाला घरी निघाले.